राखणीचा आवाज

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसात दूध भरायला लागलं की येरमाळ्याच्या आसपासच्या रानांचा आवाज बदलतो. पूर्वी या दिवसांत प्रत्येक रानात चार लाकडांवर उभा केलेला एक माळा असे आणि माळ्यावर गोफण घेतलेला एक माणूस. आता माळे आहेत. वर माणूस नसतो, भोंगा असतो. तांब्याएवढा प्लास्टिकचा भोंगा, त्याला चिकटलेली बॅटरी आणि खाचेत मेमरी कार्ड. कार्ड बाजारात भरलेलंच मिळतं. त्यात एक माणूस ओरडतो, मग डबा वाजतो, मग कुत्रं भुंकतं, मग पुन्हा तो माणूस. तो कोण, कुठला, हे इथं कुणालाच माहीत नाही. काय ओरडतो तेही नीट कळत नाही. यंदा पौषात धाराशिवहून येताना गाडीची काच खाली केली, तेव्हा त्याचा आवाज एका रानात विरायच्या आत पुढच्या रानातून सुरू होत होता. सगळ्या वाटेनं एकच गळा. रानांत माणूस कुठंच दिसत नव्हता.

हा आवाज ऐकला की गेल्या वर्षीचा शाळू आठवतो. त्या वर्षी आमच्या चुलत्यांच्या रानात बाजारातलं कार्ड नव्हतं.

गाण्यांच्या ॲपची वर्गणी मी त्या सुगीच्या आधीच्या दिवाळीत बंद केली. कारण मोठं नव्हतं. यादीतलं एक जुनं गाणं एके दिवशी करडं झालं. त्याच्यावर बोट ठेवलं की काही होत नसे. चार दिवसांनी आणखी एक करडं झालं. विचारणार कुणाला? तिथं माणूस नव्हता. वर्गणी बंद केल्यावर फोनमध्ये उतरवून ठेवलेली बाकीची गाणीही उघडेनात. नावं जागेवर होती, चित्रं होती, गाणं किती मिनिटांचं तेही लिहिलेलं होतं. फक्त आवाज नव्हता. काही आठवडे ती यादी मी पुसली नाही. शटर ओढलेल्या दुकानांची ती ओळ होती.

मग जुनं गोळा करायला लागलो. घराच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. कॅसेटी निघाल्या, त्यांतल्या निम्म्यांचा आतला स्पंज गळून पडलेला. सीड्या निघाल्या, त्यांचा चंदेरी पापुद्रा नखानं सुटत होता. त्यानंतर नातेवाइकांकडं जाऊन जुनी मेमरी कार्डं मागायला सुरुवात केली. लोक हसायचे, पण द्यायचे. कुणी देवघरातल्या डबीतून काढून दिलं, कुणी बंद पडलेल्या फोनच्या पाठीतून. नखाएवढ्या त्या काळ्या तुकड्यांत देवीच्या आराध्यांची गाणी होती, हळदीचा बँड होता, उसाच्या खोडव्यावरचं भाषण होतं, आणि खिशात फोन असताना चुकून चालू झालेलं चालणं होतं. नुसतं चालणं. कापडाचा घासण्याचा आवाज आणि श्वास.

मी निवड करत नसे. कार्ड लावायचं, सगळंच्या सगळं उतरवून घ्यायचं, त्यावर माणसाचं आणि गावाचं नाव टाकायचं. वर्तमानपत्रात काम करताना लागलेली ही सवय. आलेली प्रत आधी पूर्ण ठेवायची, कात्री नंतर. त्यामुळं झालं असं की माझ्या संग्रहात गाण्यांच्या बरोबरीनं घरं येऊन बसली. कॅसेटवर भजन चालू असताना मागं कुकरची शिट्टी होते. एक बाई मध्येच म्हणते, दार लावा, थंडी येतीय. ती बाई आता नाही, ते घरही रस्ता रुंद करताना गेलं. भजन लावलं की दार मात्र उघडंच असतं. ॲपवरची गाणी स्वच्छ होती, त्यांत कुणाचं घर नव्हतं. ती करडी झाली तेव्हा आपल्या माहितीतलं कुणी गेलं नव्हतं, हेही खरं.

आबांचं कार्ड मला हुरड्याच्या दिवशी मिळालं.

आबा म्हणजे माझे धाकटे चुलते. येरमाळ्यापासून आत, रानातल्या वस्तीवर ते आणि काकी दोघंच राहत. मुलगा महेश पुण्याला कंपनीत. त्या वर्षी पाखरं फार होती. भोरड्या आल्या होत्या. हिवाळ्यात दूरदेशाहून येणारी ही पाखरं थव्यानं उतरतात, आणि थवा उतरला की कणसाचं रिकामं बाटुक व्हायला वेळ लागत नाही. गुडघ्यांमुळं आबांना माळ्यावर दिवसभर बसवत नव्हतं. महेशनं भोंगा आणून दिला. आबांनी भोंगा ठेवला आणि बाजारातलं कार्ड परत पाठवलं. आपलं रान परक्याच्या गळ्यानं राखायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पीक माणूस ओळखतं, असंही ते म्हणाले, आणि ते थट्टेनं म्हणाले की कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

मग त्यांनी स्वतःच माळ्यावर बसून महेशच्या जुन्या फोनवर आपला आवाज भरला. एका जातीचा आवाज पाखरांना सवयीचा होतो, म्हणून त्यांनी रचना केली. दोन आरोळ्या, अर्धं आराध्यांचं गाणं, काही वेळ काहीच नाही, मग पत्र्याचा डबा, मग पुन्हा आरोळी. कुठं किती गप्प बसायचं हे त्यांनी मनानं ठरवलं होतं. शेजारचे रानकरी म्हणत, आबाच्या रानात पाखरं तिकीट काढून गाणं ऐकायला येत्यात. आबा म्हणायचे, येऊ द्या, चोच मिटून ऐकत असतील तर बसवा पुढच्या रांगेत.

हुरड्याला गेलो तेव्हा आगटीभोवती आम्ही पाच-सहा जण होतो. कोवळ्या कणसांचा भाजका वास, राखेतून काढलेल्या दाण्यांचा हिरवा गोडवा, हाताला लागलेली काजळी. आणि मागं रानातून आबांचा आवाज, आबा समोर बसलेले असताना. पहिल्यांदा सगळे वळून पाहत, मग हसत. आरोळी, गाणं, शांतता. त्या शांततेच्या शेवटी, डबा वाजायच्या थोडं आधी, भोंगा साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाला:

"आलो. आलोच. हे एवढं झालं की आलो."

काकींनी हातातलं कणीस चोळत सांगितलं की आवाज भरताना आपणच खालून चहाला हाक मारली असणार, त्या हाकेचं हे उत्तर. ते काढून टाकायचं आबांच्या लक्षात आलं नाही, आणि पुन्हा सगळं भरायचा त्यांना कंटाळा. "समोर असले की चार हाका माराव्या लागत्यात," काकी म्हणाल्या. "आता हाक न मारताच आलो आलो चाललंय दिसभर."

आबांनी मला कार्ड काढून दिलं. मी तिथंच, आगटीच्या कडेला बसून, ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि परत दिलं. आबांचं नाव, वस्ती, येरमाळा.

शाळू पिवळा पडायला लागला तेव्हा आबा गेले. सकाळी माळ्याची दोरी आवळायला म्हणून रानात गेले आणि माळ्याच्या सावलीत बसलेले सापडले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. वय, दम्याचा त्रास, थंडी, सगळं त्यात बसत होतं.

घरात सुतक आणि रानात उभं पीक. काढणीला अजून अवकाश, घरचं माणूस रानात जाणार नाही, आणि भोरड्या रोज उतरत होत्या. भोंगा बंद करावा का, यावर अंगणात बसून चर्चा झाली. भावकीतल्या एका म्हाताऱ्यांनी निकाल दिला की पाखरांना सुतक नसतं. भोंगा चालू राहिला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सगळे शेतकरी होते.

राख सावडून पुरुष मंडळी परत आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दारात हातपायांवर पाणी घेत उभे होते. रानातून आरोळी आली, गाणं झालं, शांतता सुरू झाली. सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. पाणी घालणाऱ्यानं तांब्या सरळ केला आणि धार थांबली.

"आलो. आलोच. हे एवढं झालं की आलो."

मग डबा वाजला आणि पाण्याची धार पुन्हा सुरू झाली.

त्या तेरा दिवसांत दुखवट्याला येणारा प्रत्येक जण ते वाक्य ऐकून गेला. काही जण चहाला थांबले नाहीत. काकी रडल्या नाहीत अशी बायकांत कुजबुज झाली. काकी ऐकत होत्या. चहाच्या वेळेला ते वाक्य झालं की त्या उठून चुलीकडं जात आणि आधण ठेवत. चहा होई, कपात ओतला जाई. पुढं त्याचं काय होई, हे मी पाहिलेलं नाही. महेशनं पाहिलं होतं. पुढं कधीतरी त्यानं सांगितलं की आई तो कप माळ्याच्या बाजूच्या ओट्यावर ठेवायची आणि गार झाला की स्वतः प्यायची.

शाळू उपटून झाला, कणसं मोडली, कडबा रचला, भोंगा खाली उतरला. काकींचं आधण थांबेल असं महेशला वाटलं होतं. थांबलं नाही. भोंगा नसतानाही त्या साधारण त्या वेळाला उठत.

उन्हाळ्यात महेशनं ते कार्ड ट्रॅक्टरच्या टेपसाठी येरमाळ्यात गाणी भरायला दिलं. आत काय आहे ते तो विसरला होता. गाणी भरून देणारा माणूस आधी कार्ड रिकामं करतो, मग भरतो, ही त्या धंद्याची रीतच आहे. काम एका चहाच्या अवधीत झालं. महेशला आठवलं ते ट्रॅक्टर सुरू केल्यावर, टेपमधून लग्नातला बँड वाजायला लागला तेव्हा.

 यंदा कणसात दूध भरल्यावर त्यानं बाजारातलं कार्ड लावून दिलं, ते काकींनी दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं. हा कोण ओरडतोय माझ्या रानात, म्हणाल्या. भोंगा मुका आणि भोरड्या रानभर.

पौषात दोघांचे फोन मला एकाच दिवशी आले. आधी काकींचा. आबांचा आवाज माझ्याकडं आहे हे त्यांना आठवलं होतं. "तू उतरवून घेतला होतास बग, हुरड्याच्या दिशी. तेवढा आनून दे, लेकरा. राखन बी व्हईल अन् मला बी वस्तीवर राहवंल." संध्याकाळी महेशचा. त्याचं म्हणणं उलट होतं. तो आवाज दिला तर चहाचं पुन्हा सुरू होईल, आई एकटी, वस्ती आडबाजूला. त्यानं ठरवलं होतं की हे थांबलं नाही तर काढणीनंतर आईला पुण्याला न्यायचं, तिची इच्छा असो नसो. "दादा, पुसून टाका तुमच्याकडचं," तो म्हणाला. "तुमच्याकडं न्हाय म्हणून सांगा तिला. मी पाया पडतो."

संग्रह ठेवणाऱ्यावर अशी वेळ येते याची मला कल्पना नव्हती. ॲपवरचं गाणं करडं झालं तेव्हा मी रागावलो होतो, कारण कुणीतरी कुठंतरी बसून ते बंद केलं होतं. आता त्या जागी मीच बसलो होतो.

पुसलं नाही. लॅपटॉप घेऊन वस्तीवर गेलो आणि महेशलाही ये म्हणालो. रविवार होता, तो आला. न्याहारीनंतरची वेळ, अंगणात ऊन, शाळूवरचं दव उतरलेलं, पानांचा कोरडा सळसळाट. माळ्याच्या दोऱ्यांवर भोरड्या रांगेनं बसल्या होत्या. काकी सुपात दाणे घेऊन ओट्यावर बसल्या. मी म्हणालो, काकी, आधी एकदा सलग ऐकून घ्या, मग तुम्ही म्हणाल तसं करू. महेश खांबाला टेकून उभा राहिला. त्याचं लक्ष आवाजाकडं नव्हतं, आईच्या हाताकडं होतं.

मी ते लावलं. लॅपटॉपच्या लहान आवाजात आबा जवळ आल्यासारखे वाटत होते. आरोळी. दुसरी. आराध्यांचं अर्धं गाणं. मग ती शांतता, जी भोंग्यावर निव्वळ शांतता वाटायची. इथं तिच्यात बरंच काही ऐकू येत होतं. वारा, माळ्याचं करकरणं, आणि लांबवर एक वासरू. सारखं हंबरत होतं.

"आलो. आलोच. हे एवढं झालं की आलो."

काकी उठल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पुन्हा लाव म्हणाल्या. मी पुन्हा लावलं. त्या वाक्याच्या आधी त्यांनी मान थोडी कलती केली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं.

"वासरू वरडतंय," त्या महेशला म्हणाल्या. "गाय कुठंय?"

महेशला कळलं नाही. मग कळलं आणि तो खांबापासून सरळ झाला. गेल्या पौषात गाय आजारी पडली होती. टेम्पोतून तिला येरमाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं, ती संध्याकाळी परत आली. वासरू तेवढा एकच दिवस आईपासून तुटलं होतं. नेताना टेम्पोत सुट्टीवर आलेला महेश होता. आणि गाईला धरायला काकी होत्या.

"मी न्हवते," काकी म्हणाल्या. "वस्तीवर कुनीच न्हवतं त्या दिशी. ह्यांना म्हनलं, भाकरी झाकून ठिवलीय, खावा. चा कोन करनार हुतं?"

महेश म्हणाला, रस्त्यानं जाणाऱ्या कुणी हाक मारली असेल. काकी म्हणाल्या, असंल. मी ते वाक्य आणि त्याआधीचा तुकडा कानाला हेडफोन लावून ऐकला, आवाज जेवढा वाढवता येतो तेवढा वाढवून. वाऱ्यात आणि वासराच्या हंबरण्यात हाक ऐकू येत नाही. आबांचं उत्तर अगदी स्वच्छ आहे. उत्तर देताना माणूस तोंड वळवतो तसा आवाज किंचित फिरतो. घराकडं की बांधाकडं, हे सांगता येत नाही.

काकी दोऱ्यांवरच्या पाखरांकडं बघत होत्या. वर्षभर त्यांनी ज्या बोलण्यावर आधण ठेवलं होतं, ते त्यांना उद्देशून नव्हतं. मला वाटलं होतं त्या मोडतील. महेशलाही तसंच वाटलं असावं, तो जवळ येऊन बसला. काकींचा आवाज नेहमीचा होता.

"सुगी हुईस्तोवर थांबा म्हनत हुते. न्हाय थांबलं कुनी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हुसकायचं राहू दे. गानं राहू दे. तेवढं 'आलो' काढून टाक. ज्यानं बोलावलं त्याच्याकडं गेले ते. आता आनी रानाला कशापाय सांगत्यात?"

बातमीत छापायचं कुणाचं बोलणं मधूनच कापू नये, त्यानं अर्थ बदलतो, हे मी अनेक वर्षं नव्या मुलांना सांगत आलो. त्या दिवशी अंगणात बसून मी ते वाक्य कापलं. जागा तेवढीच ठेवली, नाहीतर आबांची रचना बिघडली असती. त्यांच्या तीन लहान वाक्यांच्या ठिकाणी आता वारा आणि वासरू उरलं. मूळ प्रत माझ्या संग्रहात आहे. ती महेशनं नंतर मागितली नाही आणि काकींनीही नाही. मी ती उघडलेली नाही.

महेश कार्ड घेऊन रानात गेला, भोंगा माळ्यावर बांधून आला. आम्ही तिघं अंगणात बसलो. आरोळी झाली. दोऱ्यांवरच्या भोरड्या हलल्या नाहीत. दुसरी झाली, काही पाखरांनी पंख झाडले आणि पुन्हा बसली. गाणं वाजलं तेव्हा तर खाली कणसांवर आणखी एक थवा उतरला. महेश ओशाळं हसला. म्हणाला, आबांच्या आवाजाला पण सरावली ही.

गाणं संपलं. शांतता सुरू झाली. महेश आईच्या हातांकडं बघत होता. काकींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं आणि त्या खडे वेचत होत्या. ती कापलेली जागा आली. भोंग्यातून वाऱ्याखेरीज काही आलं नाही. उत्तर मी काढून टाकलं होतं. ज्या हाकेला ते उत्तर होतं ती काढणं माझ्या हातात नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सगळ्या रानातली पाखरं एका झटक्यात उठली. दोऱ्यांवरची, कणसांवरची, बांधावरच्या लिंबातली. भोरड्यांचा थवा उठताना नेहमी मोठा कलकलाट होतो. या वेळी फक्त पंखांचा आवाज झाला. अंगणावरून सावली सरकत गेली आणि रान क्षणात मोकळं झालं. डबा वाजला तेव्हा त्याला हुसकायला कुणी उरलं नव्हतं.

महेश उठून उभा राहिला होता. काकींनी मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला आणि रानाच्या दिशेनं, शेजारणीला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"मला सवड न्हाय."